वय नक्की कुणाचं? विटवॉटर्सरँडच्या सोन्याचा वाद

खनिजसाठ्यांवर संशोधन करायचं ठरवत असाल, तर हा एक वाद नीट समजून घ्या. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँड भागात १८८६ साली सोन्याचा मुख्य थर सापडला आणि त्याच वर्षी जोहान्सबर्ग वसलं. माणसाने आजवर जमिनीतून काढलेल्या सोन्यापैकी साधारण एक तृतीयांश सोनं या एका खोऱ्यातलं आहे. पण ते तिथे आलं कसं, यावर शंभराहून जास्त वर्षं भांडण चालू आहे.

इथलं सोनं पिंडाश्मात असतं. म्हणजे नदीने आणलेले गोटे आणि वाळू दबून तयार झालेल्या खडकात. साहजिकच एक पक्ष म्हणाला, सोन्याचे कणही नदीनेच आणले. दुसरा पक्ष म्हणाला, गोटे आधी साचले, सोनं नंतर आलं. खोलातून वर चढलेल्या गरम पाण्यात ते विरघळलेलं होतं. १९३० साली अमेरिकन भूवैज्ञानिक ग्रेटन यांनी ही दुसरी बाजू जोरात मांडली.

गंमत अशी, की सूक्ष्मदर्शक दोघांनाही साथ देतो. घासून गोल झालेले पायराइटचे कण दिसतात, ते नदीचं काम. पण त्याच थरात सोनं भेगांत भरलेलं, क्लोराइटसारख्या नंतर वाढलेल्या खनिजांना चिकटलेलंही दिसतं. नुसत्या डोळ्यांनी निकाल लागेना.

मग खनिजरसायन कामी आलं. या थरात युरेनिनाइटचे गोलसर कण आहेत आणि त्यांत थोरियम बरंच आहे. थोरियम पाण्यात फारसं विरघळत नाही. त्यामुळे थोरियमयुक्त युरेनिनाइट बहुधा ग्रॅनाइटसारख्या तापलेल्या शिलारसातून येतं, गरम पाण्यातून नव्हे. युरेनियम-शिसे पद्धतीने त्याचं वय ३ अब्ज वर्षांच्या थोडं पलीकडे जातं. सोनं असलेले मुख्य थर साचले २.९ ते २.७ अब्ज वर्षांपूर्वीच्या दरम्यान. म्हणजे युरेनिनाइट थरापेक्षा जुनं, बाहेरून वाहून आलेलं.

पण इथेच थांबा. हे वय युरेनिनाइटचं आहे, सोन्याचं नाही! शेजारी वाहत आला म्हणून सोनंही वाहत आलं, हे सिद्ध होत नाही.

२००२ साली जेसन कर्क आणि सहकाऱ्यांनी थेट सोन्यालाच हात घातला. रेनियम-१८७ चं ऱ्हास होऊन ऑस्मियम-१८७ बनतं, अगदी सावकाश. सोन्याच्या कणांतलं हे प्रमाण मोजून त्यांनी वय काढलं: ३.०३ अब्ज वर्षं. थरापेक्षा जुनं. नदीवाल्यांची बाजू चांगलीच भक्कम झाली.

तरी प्रश्न उरतातच. मोजलेलं ऑस्मियम सोन्यातलंच, की सोन्यात अडकलेल्या दुसऱ्या बारीक कणांतलं? शिवाय याच थरांतल्या झेनोटाइमच्या काही कणांची वयं २.०६ अब्ज वर्षांच्या आसपास येतात. बुशवेल्डचा प्रचंड शिलारस त्याच सुमारास वर आला होता. म्हणजे गरम पाणी इथून फिरलं होतं, हे नक्की. म्हणून आज बरेच अभ्यासक मधली वाट धरतात: सोनं नदीने आणलं, नंतरच्या गरम पाण्याने त्यातलं काही विरघळवून थोडं इकडेतिकडे हलवलं. दोन्ही वयं खरी असू शकतात, कारण ती दोन वेगळ्या घटनांची आहेत.

तुमच्या कामासाठी याचा अर्थ सरळ आहे. यंत्र तुम्हाला एका खनिजाचं वय देतं. त्या खनिजाचं सोन्याशी नातं काय, हे ते सांगत नाही. ते सोन्याआधीचं, सोन्याबरोबरचं की नंतरचं, हे पातळ छेदातच दिसतं. म्हणून नमुना फोडून कण वेगळे करण्याआधी त्याचा एक तुकडा छेदासाठी राखून ठेवा, फोटो काढा, कोण कुणाला कापतंय ते वहीत लिहा. एकदा खडकाचा चुरा झाला की वय मिळेल, पण ते कोणत्या घटनेचं हे कळायला मार्ग उरणार नाही.