कम्युनिटी की एंटरप्राइज? मोफत आणि पैशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमका फरक काय असतो

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतले मशीन शॉप असो, साताऱ्याच्या एमआयडीसीतली फौंड्री असो की सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी, धंदा वाढला की वही आणि एक्सेलवर हिशोब आवरत नाही. मग सॉफ्टवेअरची चौकशी सुरू होते आणि दोन पर्याय समोर येतात: मोफत 'कम्युनिटी' आवृत्ती आणि पैसे भरून घ्यायची 'एंटरप्राइज' आवृत्ती. स्क्रीनवर दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. फरक आत असतो आणि तो बहुतेकांना मार्चअखेरीला कळतो.

कम्युनिटी आवृत्ती म्हणजे काय?

कम्युनिटी आवृत्ती म्हणजे ३० दिवसांचे ट्रायल नव्हे. तिचा कोड खुला असतो. ती कोणीही उतरवून घ्यावी, कितीही कॉम्प्युटरवर वापरावी, गरजेप्रमाणे बदलावी, अशी परवानगी लायसन्समध्येच असते. एंटरप्राइज आवृत्ती बहुधा त्याच पायावर उभी असते, पण तिच्यात जादा सुविधा असतात आणि कंपनीची मदत मिळते. त्यासाठी दरमहा किंवा दरवर्षी पैसे भरावे लागतात.

रेषा कुठे आखली जाते?

प्रत्येक कंपनी ही रेषा वेगळ्या जागी आखते.

ओडू: बेल्जियममधल्या या ईआरपीच्या २०१५ मध्ये दोन आवृत्त्या झाल्या. विक्री, खरेदी, स्टॉक, उत्पादन आणि बिले बनवणे हे सगळे कम्युनिटीत मिळते. पण बँक स्टेटमेंटची जुळवणी, ताळेबंद व नफा-तोटा पत्रकासारखे संपूर्ण हिशोबी अहवाल आणि कोड न लिहिता फॉर्म बदलण्याची सोय एंटरप्राइजमध्ये आहे. जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर डेटा नेण्याची कंपनीची सेवाही एंटरप्राइजच्या ग्राहकांसाठी असते. कम्युनिटी वापरणाऱ्यांना त्यासाठी स्वयंसेवकांनी बनवलेली साधने किंवा स्थानिक प्रोग्रामर गाठावा लागतो.

मायएसक्यूएल: हा डेटाबेस ओरॅकल कंपनीकडे आहे. त्याच्या कम्युनिटी आवृत्तीवर असंख्य वेबसाइट चालतात. काम चालू असतानाच बॅकअप घेणारे कंपनीचे साधन, कोणी काय केले याची ऑडिट नोंद आणि फायरवॉल हे मात्र एंटरप्राइजमध्ये मिळते.

ईआरपीनेक्स्ट: मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवलेल्या या सॉफ्टवेअरने रेषाच आखलेली नाही. सगळा कोड खुला आहे आणि हिशोबापासून उत्पादनापर्यंतच्या सुविधा सर्वांना सारख्याच आहेत. पैसे लागतात ते कंपनीच्या सर्व्हरवर ठेवण्यासाठी आणि मदतीसाठी.

कायदा मोफत-विकत पाहत नाही

धंदा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर एक गोष्ट आधी तपासावी लागते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ऑडिट ट्रेल' सक्तीची आहे. म्हणजे नोंद कधी आणि काय बदलली याची खूण राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. खुल्या कोडच्या सॉफ्टवेअरमध्ये हा मुद्दा नाजूक ठरतो, कारण ज्याला कोड बदलता येतो त्याला ही खूणही बंद करता येऊ शकते. म्हणून सॉफ्टवेअर बसवणाऱ्याकडून हे लेखी घ्यावे आणि सीएला दाखवावे.

कंपनीच्या हिशोबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असावा लागतो आणि हिशोब ८ वर्षे जपावे लागतात. शिवाय वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर गेली की व्यावसायिक ग्राहकांच्या बिलांसाठी जीएसटीचे ई-इन्व्हॉइस लागते. ते आपल्या आवृत्तीत आहे की वेगळे जोडावे लागते, हे आधीच विचारावे.

मोफत म्हणजे बिनखर्ची नव्हे

एंटरप्राइजचे पैसे बहुधा माणशी मोजतात. समजा, दर माणशी महिना ५०० रुपये आहे आणि वापरणारे २० जण आहेत, तर वर्षाचे १,२०,००० रुपये झाले. कम्युनिटीत हा आकडा शून्य होतो, पण सर्व्हर, बसवणी, बॅकअप, सुरक्षेचे अपडेट आणि अडल्यावर धावून येणारा माणूस यांचा खर्च आपल्या अंगावर येतो. वापरणारे जास्त आणि हाताशी जाणकार असेल तर कम्युनिटी परवडते. चारपाच जणच वापरणार असतील आणि कॉम्प्युटरचे कळणारे कोणी नसेल, तर एंटरप्राइज स्वस्त पडू शकते.

मोफत आवृत्ती कायम तशीच राहील असेही नसते. जगभर सर्व्हरवर वापरली जाणारी सेंटओएस ८ ही मोफत लिनक्स २०२९ पर्यंत सांभाळली जाणार होती. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली आणि तिचे अपडेट ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबले. कोड खुला असल्यामुळे रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स हे पर्याय उभे राहिले आणि वापरणारे अडकून पडले नाहीत.

ठरवण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. ताळेबंद, बँक जुळवणी आणि जीएसटीचे अहवाल याच आवृत्तीत आहेत का?
२. ऑडिट ट्रेल आहे का आणि ती कोणाला बंद करता येते?
३. बॅकअप कोण घेणार, कुठे ठेवणार, आणि तो परत भरून पाहिला आहे का?
४. नवी आवृत्ती आल्यावर डेटा कोण नेणार, किती पैशांत?
५. उद्या सॉफ्टवेअर सोडायचे ठरले तर सगळा डेटा एक्सेलसारख्या साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येतो का?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर आवृत्ती मोफत असो वा विकत, सौदा महागच पडतो. सॉफ्टवेअर बदलता येते; ८ वर्षांचे हिशोब पुन्हा लिहिता येत नाहीत.