कल्हईचं कथील आणि गॅसचा अलार्म

पितळी पातेल्याला कल्हई करताना कारागीर भांडं भट्टीवर चांगलं तापवतो, चिमूटभर नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो, लगेच कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्यानं वितळलेलं कथील गरागरा फिरवतो. सगळी घाई असते, कारण तापल्या कथलाला हवा लागली की त्यावर राखाडी साय धरते. ही साय म्हणजे कथलाचा ऑक्साइड. कल्हईवाल्याच्या लेखी तो कचरा. धामणगाव बढे इथल्या घरात सिलिंडरसाठी गॅस लीक डिटेक्टर आणाल, तर बहुधा त्याच्या पोटात हाच ऑक्साइड, शुद्ध करून आणि भाजून, बसवलेला असेल. हे कळल्यापासून मला या डबीकडं साधं यंत्र म्हणून बघताच येत नाही.

या डबीच्या वंशावळीतले ओळखीचे पूर्वज एका दमात सांगतो. 1815 चा हम्फ्री डेव्हीचा खाणदिवा, पुढं विषारी वायू ओळखायला खाणीत नेलेला कॅनरी पक्षी, आणि बिनवासाच्या एलपीजीत मुद्दाम मिसळलेलं एथिल मरकॅप्टन, ज्याच्या घाण वासानं आपण अजून ‘गॅस सुटला’ म्हणतो. झोपलेल्या किंवा सर्दी झालेल्या माणसाला तो वास कळेलच असं नाही, म्हणून यंत्र हवं.

खरा वाद आहे तो यंत्राच्या बापाबद्दल. 1962 साली जपानमध्ये दोन दावेदार उभे राहिले. क्यूशू विद्यापीठाचे तेत्सुरो सेइयामा यांनी जस्ताच्या ऑक्साइडचा पातळ थर तापवला, तर गॅस ओळखता येतो हे छापून दाखवलं. त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी कथलाच्या ऑक्साइडवर पेटंट मागितलं. घराघरांत प्रोपेनचे स्फोट होत होते आणि तागुचींना स्वस्त, टिकाऊ वस्तू हवी होती. 1969 मध्ये त्यांची फिगारो कंपनी उभी राहिली. शास्त्रज्ञ सेइयामांना मान देतात, तो रास्तच. पण स्वयंपाकघरात पोचलं ते तागुचींचं कथील, म्हणून माझं माप त्यांच्या पदरात.

तिसरा पक्ष डेव्हीचा. त्यांनी 1817 मध्ये पाहिलं होतं की तापलेली प्लॅटिनमची तार गॅस आणि हवेच्या मिश्रणात ज्वाळेशिवाय लालबुंद राहते. खाणी-कारखान्यांतले उत्प्रेरक डिटेक्टर याच वाटेनं आले. तागुचींच्या वाटेच्या सेन्सरातही कथलाच्या जोडीला बऱ्याचदा पॅलेडियमची चिमूट असते, तेही उत्प्रेरकच. म्हणून डेव्हीला आजोबा म्हणायला माझी हरकत नाही, बाप मात्र नाही. डेव्हीची तार गॅस जाळून तापते. कथलाचा ऑक्साइड वेगळं वागतो. काहीशे अंशांवर तापलेल्या त्याच्या कणांना हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. गॅस आला की तो ऑक्सिजन वापरला जातो, इलेक्ट्रॉन सुटतात, वीज सहज वाहते, अलार्म वाजतो. जस्ताऐवजी कथीलच का टिकलं? माझा तर्क असा की सतत तापलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं न बदलता राहणं त्याला जास्त जमतं.

आता घरातली जागा. इथंही खाणीचा वारसा घोळ घालतो. खाणीतला मिथेन हलका, छताशी साचतो. पुण्या-मुंबईचा पाइपातला गॅसही मिथेनच, त्यामुळं तिथं डिटेक्टर वर लावतात. आपला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. तो ओट्याखाली, जमिनीलगत पसरतो. म्हणून डिटेक्टर फरशीपासून साधारण फूटभर उंचीवर, सिलिंडर-शेगडीपासून एक ते चार मीटरवर हवा. आपल्याकडं प्लग ओट्याच्या वर असतात. थेट प्लगात घुसणारी डबी तिथं बसवली, तर गॅस खालून निघून जाईल. वायरीचा प्रकारच घ्या आणि डब्यावर ‘एलपीजीसाठी’ लिहिलंय का ते वाचा. दाराआड, खिडकीच्या झुळुकीत, मोरीशेजारी किंवा फोडणीच्या वाफेत तो लावू नये. डास मारायचा फवारा, स्पिरिट यांनीही तो ओरडतो. सिलिकोनची वाफ मात्र त्याला कायमचा बहिरा करू शकते.

कथील तापतं विजेवर, त्यामुळं लाइट गेली की बिनबॅटरीचा डिटेक्टर झोपतो, आणि चालू केल्यावर तापायला काही मिनिटं घेतो. आपल्या भागात बॅटरी बॅकअपचाच घ्यावा. त्याचं आयुष्यही ठरलेलं असतं, बहुधा पाचेक वर्षं. मुदत डबीवर पाहून बदलावा.

अलार्म वाजला तर विजेचं कुठलंही बटण दाबू नका, डिटेक्टरचा प्लगही उपसू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरूनच गॅसगळतीच्या 1906 या हेल्पलाइनला फोन लावा.