शोधापासून व्यवसायापर्यंत : जेनेन्टेकचे उदाहरण

शोध लागणे वेगळे आणि त्याचा व्यवसाय होणे वेगळे. मधले अंतर बँकेच्या कर्जावर सहसा ओलांडता येत नाही, कारण संशोधकापाशी तारण ठेवण्याजोगे काही नसते. अशा वेळी उपयोगी पडते ते साहस भांडवल, म्हणजेच व्हेंचर कॅपिटल. हा पैसा कर्जाऊ नसतो. त्याच्या मोबदल्यात कंपनीतील हिस्सा घेतला जातो आणि कंपनी बुडाली तर पैसाही बुडतो. अमेरिकेतील जेनेन्टेक कंपनीचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

स्टॅनले कोहेन आणि हर्बर्ट बोयर या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये परके जनुक जिवाणूत रुजवण्याचे तंत्र सिद्ध केले. शोधनिबंध आधी प्रसिद्ध झाला. पेटंटचा अर्ज मात्र १९७४ च्या नोव्हेंबरात गेला. अमेरिकी कायद्यात वर्षभराची सवलत असल्याने तेथील हक्क वाचले, परदेशातील मात्र गेले. प्रसिद्धीची घाई अशी महागात पडते.

या तंत्रातील व्यवसाय हेरला तो रॉबर्ट स्वॅन्सन या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाने. त्याने बोयर यांना गाठले आणि एप्रिल १९७६ मध्ये कंपनी स्थापन झाली. क्लायनर अँड पर्किन्स या संस्थेने पहिले एक लाख डॉलर दिले. तिचे भागीदार टॉम पर्किन्स यांचा हिशेब सरळ होता : सर्वांत मोठी शंका सर्वांत कमी खर्चात आधी निकालात काढायची. त्यामुळे स्वतःची प्रयोगशाळा न उभारता काम कॅलिफोर्नियातील विद्यापीठ आणि ‘सिटी ऑफ होप’ ही वैद्यकीय संस्था यांच्याकडे सोपवण्यात आले. निवडलेले संप्रेरकही मुद्दाम लहान, अवघ्या चौदा अमिनो आम्लांचे, म्हणजे सोमॅटोस्टॅटिन. त्याला बाजारपेठ फारशी नव्हती. १९७७ मध्ये ते जिवाणूंकडून तयार झाले आणि शंका फिटली.

पुढचे लक्ष्य होते मानवी इन्सुलिन. तोवर मधुमेहींना डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर अवलंबून राहावे लागे. १९७८ मध्ये यश आले, एली लिली कंपनीशी करार झाला आणि १९८२ मध्ये हे औषध अमेरिकेत मंजूर झाले. तत्पूर्वीच, ऑक्टोबर १९८० मध्ये जेनेन्टेकचे समभाग बाजारात आले. पस्तीस डॉलरचा समभाग तासाभरात अठ्ठ्याऐंशीवर पोचला! तेव्हा कंपनीचे एकही औषध विक्रीस नव्हते.

मात्र लाभाच्या वाटणीवरून पुढे तंटा झाला. १९७६ च्या करारानुसार स्वामित्वधन पुरेसे मिळाले नाही, अशी सिटी ऑफ होपची तक्रार होती. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तिला मिळालेली सुमारे तीस कोटी डॉलरची भरपाई कायम केली. दंडात्मक भरपाई मात्र रद्द केली. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीने जेनेन्टेक पूर्णपणे विकत घेतली.