क्यूएसएआर म्हणजे काय? अमरावतीत सुरू झालेलं 'पायडिस्क्रिप्टर' औषध शोधायला कशी मदत करतं?

'एआयने औषध शोधलं' अशा बातम्या तुमच्याही फोनवर येत असतील. पण कंप्युटर औषध तयार करत नाही. हजारो रेणूंपैकी आधी कोणता बनवून तपासायचा, याचा अंदाज तो देतो. प्रत्येक रेणू लॅबमध्ये बनवायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, त्यामुळे हा अंदाज खूप कामाचा असतो. असा अंदाज बांधायची एक जुनी आणि आजही वापरात असलेली पद्धत म्हणजे क्यूएसएआर.

क्यूएसएआर म्हणजे काय?

क्वांटिटेटिव्ह स्ट्रक्चर-ॲक्टिव्हिटी रिलेशनशिप. सोप्या भाषेत, रेणूची रचना आणि त्याचा परिणाम यांचं आकड्यांत मांडलेलं नातं. कॉर्विन हान्श आणि तोशिओ फुजिता यांनी १९६४ मध्ये या पद्धतीचा पाया घातला.

आपल्या सावनेरच्या संत्र्याचं उदाहरण घेऊ. समजा तुमच्याकडे १०० संत्री आहेत. प्रत्येकाचं वजन, रंग, सालीची जाडी लिहून ठेवा. मग ती कापून गोडी मोजा. ८० संत्र्यांच्या आकड्यांवरून एक सूत्र बनवा आणि उरलेल्या २० संत्र्यांची गोडी त्या सूत्राने बरोबर येते का ते बघा. आली, तर पुढचं संत्रं न कापताही अंदाज करता येईल.

क्यूएसएआरमध्ये संत्र्याच्या जागी रेणू असतो आणि गोडीच्या जागी त्याचा परिणाम. वजन, रंग, साल यांच्या जागी येतात ते 'डिस्क्रिप्टर', म्हणजे रेणूचं वर्णन करणारे आकडे.

पायडिस्क्रिप्टर काय करतं?

अमरावतीच्या विद्याभारती महाविद्यालयातल्या रसायनशास्त्र विभागाचे विजय मसंद आणि क्रोएशियातल्या ओसियेकच्या व्हेस्ना रास्तिया यांनी २०१७ मध्ये पायडिस्क्रिप्टर प्रसिद्ध केलं. पायथनमध्ये लिहिलेलं हे प्लगिन पायमॉल या रेणू बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं आणि एका रेणूचे अकरा हजारांहून जास्त डिस्क्रिप्टर काढतं.

त्याचं खरं वेगळेपण म्हणजे हे आकडे समजायला सोपे आहेत. अनेक डिस्क्रिप्टर गणिती असतात. त्यांनी अंदाज चांगला येतो, पण रेणूत काय बदलायचं ते कळत नाही. 'रिंगपासून बरोबर चार बॉन्डवर नायट्रोजन आहे का?' अशा प्रकारचा डिस्क्रिप्टर मात्र केमिस्टला थेट सांगतो की कुठला अणू कुठे लावून बघायचा. नुसते मार्क आणि पेपर कुठे चुकला ते सांगणारा शिक्षक, यात जो फरक आहे, तोच इथे आहे.

कोविडच्या काळात काय झालं?

२०२० मध्ये मसंद आणि सहकाऱ्यांनी सार्सच्या विषाणूतल्या मेन प्रोटीएजला अडवणाऱ्या पेप्टाइड प्रकारच्या रेणूंचा क्यूएसएआर अभ्यास प्रसिद्ध केला. मेन प्रोटीएज ही विषाणूची कात्री असते. लांब प्रोटीन कापून ती विषाणूला लागणारे भाग वेगळे करते. कात्री अडकली की विषाणूची वाढ थांबते. नंतर फायझरचं निर्माट्रेलव्हिर हे औषध याच कात्रीवर काम करणारं निघालं. ते अमरावतीच्या अभ्यासातून आलेलं नाही, पण निशाणा तोच होता.

अंदाज कधी चुकतो?

आंबिया बहाराच्या संत्र्यांवरून बनवलेलं सूत्र मृग बहाराला लागू पडेलच असं नाही. तसंच मॉडेलने जे रेणू कधी पाहिलेच नाहीत, त्यांच्याबद्दलचा त्याचा अंदाज भरवशाचा नसतो. शिवाय रेणू विषाणूला अडवतो म्हणजे तो पोटात टिकेल, रक्तात पोहोचेल आणि लिव्हरला त्रास देणार नाही, असं होत नाही. हे सगळं वेगळं तपासावं लागतं.

बातमी वाचताना काय बघायचं?

* चाचणी कुठे झाली? फक्त कंप्युटरवर, लॅबमधल्या पेशींवर, प्राण्यांवर की माणसांवर?
* माणसांवर झाली असेल, तर किती जणांवर?
* औषधाला सरकारी मंजुरी मिळाली आहे का?

पहिल्याच प्रश्नाचं उत्तर 'फक्त कंप्युटरवर' असेल, तर तो रेणू अजून औषध झालेला नाही. अशा बातमीवरून घरात कुणाची चालू गोळी बंद करू नका आणि नवीनही सुरू करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.