मोरोक्कोतील 'अताय' : शब्दांची साक्ष

पुदिना घातलेला गोड हिरवा चहा हा मोरोक्कोचा पुरातन आचार होय, असा समज सर्वत्र रूढ आहे. शब्दांची साक्ष मात्र निराळी आहे.

चहाची जगातील नावे बहुतांशी दोन कुळांत विभागली जातात. एक 'चा' या चिनी उच्चारापासून निघालेले. दुसरे फूच्येनच्या किनाऱ्यावरील 'ते' या उच्चारापासून निघून मुख्यत्वे डच व्यापाऱ्यांमार्फत पश्चिम युरोपात पसरलेले. फारसी 'चाय', पूर्वेकडील अरबी 'शाय', पोर्तुगीज 'शा' आणि आपला 'चहा' हे पहिल्या कुळातील. मोरोक्कोची भाषा अरबी, शेजार पोर्तुगालचा. माझगानचे बंदर तर १७६९ पर्यंत पोर्तुगिजांच्याच ताब्यात होते. असे असता तेथील शब्द 'अताय', म्हणजे दुसऱ्या कुळातील! हा चहा हजच्या काफिल्यांबरोबर कैरोहून वा पोर्तुगिजांकडून रूढ झाला असता, तर त्याने 'श'कार आणला असता. आरंभीचा 'अ' बर्बर नामांच्या उपसर्गाचे स्मरण करून देतो. पण हे केवळ अनुमान समजावे.

इतिहास याला दुजोरा देतो. अठराव्या शतकात चहा ही राजदरबारी नजराण्याची, दुर्मिळ वस्तू होती. क्रिमियाच्या युद्धात (१८५३-५६) बाल्टिकची बाजारपेठ बंद झाली, तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांनी आपला चिनी हिरवा चहा टँजियर व मोगादोर या बंदरांकडे वळविला. १८५६ च्या इंग्रज-मोरोक्को तहाने आयातीवरील जकात मर्यादित केली, आणि शतकाच्या उत्तरार्धात हे पेय खेड्यापाड्यांत पोहोचले. तेव्हा ज्यास आपण पुरातन म्हणतो तो आचार, सर्वसामान्यांपुरता, जेमतेम पावणेदोनशे वर्षांचा आहे.

वनस्पतींच्या काढ्यांचे तसे नाही. रानपुदिन्याच्या एका जातीस तेथे 'फ्लियो' म्हणतात. हा शब्द लॅटिन 'पुलेयुम'पासून आला असून, अरबी व बर्बर भाषांत 'प' नसल्याने त्याचा 'फ' झाला. म्हणजे हे नाव चहाहून हजाराहून अधिक वर्षांनी जुने! परंतु प्रत्येक काढा जुना मानण्याचीही घाई करू नये. रात्रीच्या जेवणानंतर प्यायली जाणारी सुगंधी 'लुइझा' ही मूळची दक्षिण अमेरिकेची वनस्पती. अठराव्या शतकात ती युरोपात आली, आणि तिला नाव मिळाले ते स्पेनच्या राणी मारिया लुइसा हिचे.