सौदा कुठे झाला? खामगावच्या टेलिफोनपासून जयपूरच्या ऑनलाइन दुकानापर्यंत

समजा जयपूरजवळच्या सांगानेरमधील एका छोट्या व्यावसायिकाने हातठशाची चादर म्हणून मोबाइलवर फोटो टाकला आणि कोल्हापुरात शिकणाऱ्या तुमच्या मैत्रिणीने ती मागवली. घरी आली ती यंत्रावर छापलेली. आता दाद कोणत्या गावात मागायची? हा प्रश्न इंटरनेटमुळे निर्माण झाला असे वाटेल, पण तो बराच जुना आहे. ऑनलाइन विक्रेत्यावरील आजची बंधने समजून घ्यायची तर इथूनच सुरुवात केलेली बरी.

१८७२ च्या भारतीय करार अधिनियमाने पत्रव्यवहाराने होणाऱ्या सौद्यांचा विचार केला होता. स्वीकृतीचे पत्र टपालात पडले की प्रस्ताव देणारा बांधला जातो, असा नियम होता. टेलिफोन तेव्हा जन्मालाही आला नव्हता. पुढे जुलै १९५९ मध्ये अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीशी टेलिफोनवर सरकी पेंडीचा सौदा केला. माल मिळाला नाही, म्हणून पेढीने अहमदाबादच्या न्यायालयात दावा लावला. खामगावकरांचे म्हणणे असे, की ‘होय’ आम्ही खामगावात म्हटले, तेव्हा करार खामगावात झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये बहुमताने ठरवले, की टेलिफोनवर स्वीकृती जिथे ऐकू येते तिथे करार पूर्ण होतो, म्हणजे अहमदाबादला. न्या. हिदायतुल्ला यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. कायद्याचे शब्द जसेच्या तसे वाचले तर करार खामगावातच झाला, असे त्यांचे म्हणणे होते. निव्वळ शब्दांकडे पाहिले तर मला त्यांची बाजू अधिक भक्कम वाटते. पण बहुमताचा निर्णय व्यवहाराला सोयीचा होता, आणि तोच टिकला.

हे भांडण दोन व्यापाऱ्यांचे होते. सामान्य ग्राहकाला दिवाणी दावा परवडत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळी चळवळ उभी राहिली. मुंबईत १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली आणि जयपुरात १९८३ मध्ये ‘कट्स’ ही संस्था सुरू झाली. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा त्याच काळातला. त्यात तक्रार मुख्यतः विक्रेत्याच्या गावी करावी लागे. आपल्या गावी करायची तर तक्रारीचे कारण तिथे घडल्याचे दाखवावे लागे. दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी एवढा खटाटोप कोण करणार?

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मध्ये आला. केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने केला म्हणून करार नाकारता येणार नाही, हे त्यात पुढे दुरुस्तीने स्पष्ट झाले. खरा पालट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केला. हा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. कलम ३४ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे तुमची मैत्रीण कोल्हापुरातच राहील, आणि उत्तर सांगानेरवाल्याला द्यावे लागेल. अंतराचा भार ग्राहकाच्या खांद्यावरून विक्रेत्याच्या खांद्यावर गेला, तो इथे.

त्याच महिन्यात आलेल्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्याची कर्तव्ये नेमकी सांगितली. नाव, पत्ता, एकूण किंमत आणि वस्तू कोणत्या देशात तयार झाली ते दाखवायचे. तक्रार निवारण अधिकारी नेमायचा; त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. स्वतःच ग्राहक बनून खोटे अभिप्राय लिहायचे नाहीत. वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला नकार देता येत नाही. यातली शेवटची गोष्ट मुळात नवी नव्हे. वर्णन करून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, असे १९३० च्या माल विक्री अधिनियमाचे कलम १५ सांगते. आता त्या वर्णनात फोटोही आला, एवढेच.

जयपूरच्या मालाला आणखी काही कायदे लागतात. सांगानेरी ठसेकामाला भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे यंत्राच्या छपाईला ‘सांगानेरी हातठसा’ म्हणणे ही केवळ अतिशयोक्ती राहत नाही, तो कायद्याचा भंग ठरतो. सोन्याच्या दागिन्यांना १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला. गंमत अशी, की जयपूर ज्यासाठी प्रसिद्ध आहे ते कुंदन, पोलकी आणि जडाऊ काम त्यातून वगळले आहे. म्हणून अशा दागिन्याचे वर्णन प्रामाणिक असणे अधिक महत्त्वाचे ठरते, कारण ग्राहकाच्या हाती दुसरा पुरावा फारसा नसतो. बंद पाकिटातल्या मालाबाबतची माहिती, म्हणजे कमाल किंमत, वजन, उत्पादक इत्यादी, १ जानेवारी २०१८ पासून पडद्यावरही द्यावी लागते.

कराचे गणित मात्र उलट दिशेने चालते, तिथे गाव नव्हे तर राज्य मोजले जाते. ऑनलाइन मंचावरून माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी आधी उलाढाल कितीही लहान असली तरी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्याच्या आतच विकणाऱ्या लहान विक्रेत्याला अटींसह सूट मिळाली. सांगानेरची चादर जोधपूरला गेली तर एक नियम, कोल्हापूरला गेली तर सर्वसाधारणपणे दुसरा.