अण्णांच्या दाढेतली चांदी

अण्णांनी दाढेत चांदी भरून घेतली तेव्हा मी शाळेत होतो. आम्ही अंबाजोगाईचे. "घरात चांदी काय ती एवढीच," असं ते आल्यागेल्याला सांगायचे.

परवा त्याच दाढेशेजारी, जिभेच्या कडेला न भरणारी जखम निघाली. तंबाखू जुनी, म्हणून सीटी स्कॅन केला. पडद्यावर दाढेपासून चौफेर काळ्या-पांढऱ्या रेघा, आणि जखमेची जागा नेमकी त्यात हरवलेली!

१८९५ साली राँटजेनला क्ष-किरण सापडले. त्या साध्या फोटोत ही चांदी म्हणजे नुसता पांढरा ठिपका, बाकी चित्र शाबूत. १९७१ साली लंडनमध्ये हाउन्सफिल्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी काढला. हे यंत्र सगळ्या बाजूंनी किरण सोडतं आणि गणिताने चित्र जुळवतं. आपण चांदी म्हणतो त्यात निम्मा पारा असतो. त्यातून किरण फारसे पार होत नाहीत, हिशेब चुकतो आणि ठिपक्याच्या रेघा होतात. यंत्र हुशार झालं आणि जुना ठिपका नडायला लागला, गंमतच म्हणायची!

डॉक्टरांनी अण्णांना तोंड उघडं ठेवायला सांगून पुन्हा स्कॅन घेतला, मग एमआरआय. मी घाबरलो, तिथे तर मोठं लोहचुंबक! पण या चांदीत लोखंड नसतं. दातांना स्टीलच्या तारा असत्या तर चित्र बिघडलं असतं.

जखम दिसली. तुकडा तपासायला गेलाय. अण्णा आता चांदीचा विनोद करत नाहीत..